थोरलीनं वाचून सांगितलं

मिरची वाळत घातली की आभाळाकडे बघितल्याशिवाय माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि त्या वर्षी आभाळानं नुसता छळ मांडला होता. सकाळी लख्ख ऊन, दुपार कलली की ढग. पाऊस पडत नव्हता, पण पडणार नाही असं म्हणायचीही सोय नव्हती. ढग आले की दोघे भाऊ धावत सुटायचे, फावड्यानं मिरचीचे ढीग करायचे, वर ताडपत्री ओढायचे, कडेनं दगड ठेवायचे. ढग गेले की परत सगळं पसरायचं. ओल लागलेली मिरची आतून काळी पडते आणि काळी मिरची व्यापारी हातातही धरत नाही. वर्षभराची मेहनत अशी उघड्यावर पडलेली असताना कुणाला स्वस्थ बसवेल?

घरात सासू, दोन मुलगे आणि दोन सुना. थोरलीला शाळेत जाणारा एक मुलगा, धाकटीला वर्षाची व्हायला आलेली मुलगी. मुलीला सगळे ठकी म्हणत. ठकी कुणाच्याही कडेवर जायची, कुणाचंही नाक धरून ओढायची, आणि तिच्यावरून दोघी जावांची कधी कुरबुर झाली नाही, हे त्या घरात विशेषच होतं.

दोन खोल्यांचं घर, पुढे पटांगण, पटांगणाच्या कडेला पत्र्याची शेड. शेडमध्ये वस्तीतल्या बायका देठं खुडायला बसायच्या. नाकाला फडकं, बोटांना तेल. तरी संध्याकाळपर्यंत बोटं पेटायची, आणि पाण्यात बुडवली तर जास्तच पेटायची. खकाण्याचं तर विचारूच नका. ती लाल धूळ सगळीकडे असायची, केसात, पापण्यांत, पाण्याच्या घागरीवर. बोलायला तोंड उघडलं की ठसका. डोळे सगळ्यांचे लाल, नाकं सगळ्यांची वाहती. नवीन माणूस आलं तर त्याला वाटावं, इथे आत्ताच कुणीतरी गेलंय.

ह्या बायकांत थोरलीचा मान वेगळा होता. तिनं शाळा पूर्ण केली होती. बाकीच्यांची शाळा कुणाची अर्ध्यात सुटलेली, कुणी तिचं तोंडच न पाहिलेलं. औषधाची बाटली, विजेचं बिल, शाळेची सूचना, काहीही आलं की थोरलीकडे यायचं. थोरली हात पुसायची, कागद जरा लांब धरायची, मनातल्या मनात वाचायची आणि दोन वाक्यांत सांगून टाकायची. बायकांना तिचं ते दोन वाक्यांत सांगणं फार आवडायचं. खरं सांगायचं तर तिलाही आवडायचं. हाताला चव धाकटीच्या, व्यवहार सासूचा चोख, थोरलीच्या वाट्याला कौतुकाचं असं एवढंच आलं होतं.

नर्सबाई आली ती नेमकी ढग यायच्या वेळेला. तिनं स्कूटर रस्त्यालाच ठेवली, नाकाला रुमाल लावला आणि शेडपाशी येऊन आधी पोटभर खोकून घेतलं.

"रस्त्यापलीकडच्या वस्तीत गोवर निघालाय," ती म्हणाली. "पोरं झोपून आहेत. गुरुवारी शाळेत लस देणार आहोत. लहान मुलं घेऊन सगळ्यांनी यायचंय." तेवढ्यात तिला झोळीतली ठकी दिसली. "हिची नवव्या महिन्याची राहिलीय ना?"

"तेव्हा सर्दी होती तिला," धाकटी म्हणाली. "मग राहूनच गेलं."

"आता राहू देऊ नका."

"बाई, पण त्यात असतं काय हो नक्की? पोरांना त्रास होतो म्हणतात."

नर्सबाईनं सांगायला तोंड उघडलं आणि पुन्हा तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. "मला अजून पुढच्या वस्त्या करायच्यात," ती कशीबशी म्हणाली. "वस्तीच्या ग्रुपवर आरोग्य खात्याचं पान टाकते. सगळी माहिती आहे त्यात. वाचून घ्या."

तिकडून थोरला ओरडला, ढग आले. बायका खुडलेली मिरची गोळा करायला उठल्या. ताडपत्री ओढून परत येईपर्यंत नर्सबाई निघून गेलेली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर बायका शेडच्या सावलीला टेकल्या, तेव्हा भोंगानं फोन काढला. भोंगा म्हणजे शेजारची बाई. तिचा आवाज पटांगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फोनशिवाय जायचा, म्हणून हे नाव. तरी तिच्याकडे फोन होता, आणि जगातलं एकेक त्यात येऊन पडायचं. बोट ठेवून ठेवून तिला वाचता यायचं.

"ऐका, हे कालच आलंय," ती म्हणाली आणि वाचायला लागली. "मी एक आई आहे. माझं बाळ हसत होतं, खेळत होतं. मी त्याला लस दिली. त्या दिवसापासून माझं बाळ माझ्याकडे बघत नाही. डॉक्टर काही सांगत नाहीत. बायांनो, माझं ऐका. तुमचं बाळ तुमच्या हातात आहे."

कोण ही आई, कुठली, बाळाला कसली लस दिली, काही म्हणून काही त्यात नव्हतं. पण एकही शब्द कुणाला अडला नाही. शेजारीण दारात टेकून मनातलं सांगते, तसं ते सांगितलेलं होतं. ज्याला थाप मारायची असते तो आधी तुमच्यासारखं बोलायला शिकतो. खरं सांगणाऱ्याला तेवढी गरज वाटत नाही, तिथेच सगळा घोळ होतो.

"आता नर्सबाईनं टाकलंय ते वाच थोरले," कुणीतरी म्हणालं. "तुझ्याशिवाय कोण वाचणार ते."

थोरलीनं फडक्याला हात पुसले, आपला फोन काढला आणि मोठ्यानं वाचायला लागली. "सदर लस ही जिवंत परंतु क्षीणीकृत विषाणूंपासून निर्मित असून, लसीकरणोत्तर कालावधीतील संभाव्य प्रतिकूल घटनांचे स्वरूप बहुतांशी सौम्य व स्वयंमर्यादित असते."

"काय म्हणाली?" भोंगानं विचारलं.

"पुढे ऐका. प्रतिनिर्देश वगळता लाभार्थ्यांमध्ये प्रतिकारक्षमता निर्मितीचे प्रमाण लक्षणीय आढळून येते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं हळूच विचारलं, "विषाणू म्हणजे रोगाचे किडेच ना? ते जिवंत घालतात अंगात?"

"थांबा जरा, मला नीट वाचू द्या," थोरली म्हणाली आणि मनात वाचायला लागली. सवयीनं तिनं फोन जरा लांब धरला. शब्द मराठीच होते, अक्षरं ओळखीची होती, पण वाक्य संपेपर्यंत त्याचं तोंड कुठे होतं ते विसरायला व्हायचं. लिहिणाऱ्यानं ते कुणासाठी लिहिलं होतं, त्याचं त्यालाच ठाऊक. पान खाली सरकवावं तर बोट चालेना. दिवसभर देठं खुडून बोटांची टोकं बधिर झालेली, वर तेलाचा थर. काच ऐकत नव्हती. मग तिनं बोट दुमडून पेरानं ढकललं, तसं पान एकदम उडी मारून भलतीकडे गेलं. आणि तिथे, एवढ्या गचपणात, तिला कळणारे शब्द एकाखाली एक उभे होते. अंधत्व. बहिरेपणा. न्यूमोनिया. मेंदूला सूज. मृत्यू.

वर काय आहे ते बघायला तिनं परत पेर लावलं, तर पान थेट पहिल्या ओळीवर गेलं, 'सदर लस ही'. खाली ढकललं, तर यादीच्या खाली गेलं. यादीच्या डोक्यावर काय लिहिलंय ते काही सापडेना.

बायका वाट बघत होत्या. धाकटी ठकीला पाजत बसली होती, तिनं मान वर केली. "काय लिहिलंय ताई?"

त्या घटकेला थोरलीला म्हणता आलं असतं, की बाई गं, मला हे कळत नाही. शब्द जिभेवर आलेही होते. पण भोंगासारखी अर्धवट शाळेची बाई बोट ठेवून का होईना आपला निरोप घडाघडा वाचून बसली होती, आणि शाळा पूर्ण केलेल्या थोरलीनं सगळ्यांसमोर हात टेकायचे? तिनं ते शब्द गिळले.

"जिवंत विषाणू असतो त्यात," ती म्हणाली. "आणि आंधळेपणा येऊ शकतो, मेंदूला सूज येऊ शकते, खात्याच्या पानावरच लिहिलंय."

"बघा," भोंगा म्हणाली. "मी काय सांगत होते?"

संध्याकाळी दोघी जावा मागच्या दाराशी भांडी घासत बसल्या होत्या. धाकटी बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली.

"ताई, तुमच्या मुलाला तर सगळ्या लसी दिल्यात ना?"

"दिल्या. तेव्हा मी कुठे काही वाचलं होतं? नशीब त्याचं, काही झालं नाही."

"मग ठकीला नको म्हणता?"

"मी कोण नको म्हणणार?" थोरली म्हणाली. "लिहिलंय ते सांगितलं. मूल तुझं आहे." असं म्हणाली आणि तिला जरा बरं वाटलं. अंगावरचं ओझं दुसऱ्याच्या अंगणात टाकलं की वाटतं तसं.

"मला कुठे त्यातलं कळतंय," धाकटी म्हणाली. "तुम्ही म्हणाल तसं."

सासूनं आतून ऐकलं. "गुरुवारी तसंही कुणाला हलता यायचं नाही," ती म्हणाली. "हवा अशी, आणि गोण्या भरायच्या राहिल्यात. एक दिवस मोडला तर मिरची काय वाट बघत बसणार आहे?"

गुरुवारी शेड भरलेली होती. एरवी कामाला उशिरा येणाऱ्यासुद्धा त्या दिवशी वेळेवर आल्या, म्हणजे शाळेकडे का गेली नाही असं कुणी विचारायला नको. दुपारी धाकटीचा फोन वाजला. नर्सबाईचा होता. धाकटीनं तो उचलला नाही, थोरलीकडे बघितलं.

"राहू दे," थोरली म्हणाली.

फोन वाजून वाजून बंद झाला आणि दोघी परत देठं खुडायला लागल्या.

दीडेक आठवडा गेला. ऊन टिकलं, मिरची खडखडीत वाळली, दोघे भाऊ गोण्या भरायला लागले. गोण्या भरताना खकाणा सगळ्यात जास्त उडतो. पायानं दाबून दाबून मिरची आत कोंबायची, आणि प्रत्येक पावलाला लाल धूळ तोंडावर. त्याच दिवसांत ठकीचे डोळे लाल झाले. नाक वाहायला लागलं, खोकला लागला.

मिरची बाधली, सगळे म्हणाले. दुसरं काही कुणाच्या मनात यायचं कारणच नव्हतं. शेडमधल्या प्रत्येक बाईचे डोळे तसेच होते. सासूनं झोळी शेडमधून काढून घराच्या मागे बांधली. थोरलीनं हात साबणानं चारदा धुऊन ठकीचे डोळे गार पाण्यानं पुसले. ठकी उजेडाकडे बघेना, तोंड आईच्या कुशीत खुपसून घ्यायची. ताप आला तेव्हा सासू म्हणाली, दात येतायत.

"मागच्या वेळेला दात आले तेव्हा अशी मलूल नव्हती," धाकटी म्हणाली.

"प्रत्येक दात सारखा असतो का?"

तापाच्या चौथ्या दिवशी सकाळी ठकीला पुसताना धाकटीला तिच्या कानामागे लाल पुरळ दिसलं. तिनं आपलेच हात हुंगले. तिला वाटलं, आपल्याच हाताची मिरची लागली, आपण नीट धुतले नसणार. ती रडायला लागली आणि रडत रडत ठकीच्या कानामागे तेल लावत बसली. थोरली चहाचं पातेलं घेऊन बाहेर आली आणि तिनं ते बघितलं. पुरळ केसांच्या कडेनं कपाळावर उतरलं होतं, गालांवर आलं होतं. मिरचीचा हात कपाळावर लागेल, गालाला लागेल, दोन्ही कानांमागे सारखाच कसा लागेल? थोरलीनं पातेलं खाली ठेवलं.

"धाकटे, हा गोवर आहे," ती म्हणाली.

धाकटीचा हात तसाच थांबला.

दुपारपर्यंत पुरळ छातीवर उतरलं आणि ठकीचा श्वास बदलला. प्रत्येक श्वासाला तिच्या फासळ्यांखाली खड्डा पडायचा आणि नाकपुड्या फुगायच्या. रडणं बंद झालं होतं. रडणारं मूल परवडलं, गप्प पडलेलं बघवत नाही. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा होता, गोण्यांनी भरलेला. धाकट्यानं ठकीकडे एकदा बघितलं आणि टेम्पोवर चढून गोण्या खाली ढकलायला लागला.

"अरे, वजन झालंय त्यांचं," टेम्पोवाला म्हणाला. "मालकाला काय सांगू मी?"

"काय सांगायचं ते सांग," धाकटा म्हणाला. एक गोणी फुटली आणि वाळलेली मिरची रस्त्यावर सांडली. सासूनं आयुष्यात पहिल्यांदा सांडलेली मिरची भरायला हात पुढे केला नाही. धाकटी ठकीला घेऊन ड्रायव्हरच्या शेजारी बसली, धाकटा आणि थोरली मागे गोण्यांच्या रिकाम्या जागेत. तू कशाला येतेस, असं थोरलीला कुणी म्हणालं नाही. दवाखान्यात कागद वाचायला कुणीतरी लागणारच होतं.

डॉक्टर तरुण होती. तिनं ठकीच्या तोंडात बॅटरी मारून बघितलं, छातीला नळी लावली आणि लगेच मागच्या वेगळ्या खोलीत न्यायला सांगितलं. ठकीच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली. हात एवढासा, त्यात सुई सापडेना. दोनदा टोचलं तरी ठकी रडली नाही, आणि ते बघून धाकटी भिंतीला टेकली.

"गोवराची लस दिली होती?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली.

"का? तुमच्या भागात आत्ताच तर दिली."

थोरली खाली बघत उभी राहिली. धाकटीनं तिच्याकडे बोट दाखवलं नाही, आवाजही चढवला नाही. शेजारच्या गावाची वाट सांगावी तसं सांगितलं. "आमच्यात ह्या शिकलेल्या आहेत. ह्यांनी फोनवर वाचून सांगितलं, की आंधळेपणा येतो."

डॉक्टरनं थोरलीकडे बघितलं. मग पुढचं विचारलं, "घरात आणखी मुलं?"

"ह्यांचा मुलगा आहे," धाकटी म्हणाली.

"त्याला दिलीय लस?"

"दिलीय," थोरली पुटपुटली. "दोन्ही वेळा."

"मग त्याची काळजी करू नका," डॉक्टर म्हणाली आणि कागदावर लिहायला लागली.

थोरलीला वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. बाहेरच्या बाकावर धाकटा बसला होता. तिनं त्याच्यासाठी चहा आणला. त्यानं तो हातात न घेता बाकावर ठेवायला सांगितला, आणि चहा तिथेच गार झाला.

संध्याकाळी वॉर्डातली नर्स हात धूत होती, तिच्यापाशी थोरली जाऊन उभी राहिली. फोनवर ते पान उघडून धरलं होतं. "बाई, एक विचारायचं होतं. मी हे वाचलं होतं. हे बघा ना, आंधळेपणा, मेंदूला सूज. हे लिहिलेलं आहे ना?"

नर्सनं हात पुसले आणि फोन घेतला. तिचं बोट स्वच्छ होतं, कोरडं होतं. पान हळूहळू वर सरकलं. यादीच्या वर एक अर्धवट उघडलेलं चित्र होतं, चित्राच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ.

"वाचा," नर्स म्हणाली.

थोरलीनं वाचलं. 'लस न घेतलेल्या बालकांमध्ये गोवर आजारानंतर पुढीलप्रमाणे गंभीर गुंतागुंत उद्भवू शकते.'

"ही लसीची यादी नाही," नर्स म्हणाली. "गोवराची आहे. लस घेतली तर हे टळतं, असं म्हणायचंय त्यांना."

"हे आधी इथे होतं?"

"इथेच असणार." नर्सनं पान आणखी वर नेलं, पहिल्या ओळी वाचल्या आणि कपाळाला आठी घातली. "मला परीक्षेलासुद्धा एवढं जड नव्हतं. लसीनं थोडा ताप येतो, थोडं पुरळ येतं, दोन दिवसांत आपोआप जातं, एवढंच सांगायचं होतं. पण तुम्ही कुणाला विचारायचं तरी. नर्सबाई येते ना तुमच्याकडे?"

थोरलीला तो वाजून वाजून बंद झालेला फोन आठवला. तिनं मान हलवली आणि बाहेर येऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही. शरम एवढी दाटली होती की रडायला आत जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती ठकीचे कपडे आणायला घरी आली. नर्सबाईनं परत निरोप पाठवला होता, आज दुपारी शाळेत पुन्हा लस आहे. शेडमध्ये बायका खुडायला बसलेल्या होत्या. तिला बघून सगळ्यांचे हात थांबले.

"कशी आहे ठकी?"

"प्राणवायूवर आहे," थोरली म्हणाली. बसली नाही, उभ्यानंच बोलली. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती यादी लसीची नव्हती. गोवर झाल्यावर काय काय होतं, त्याची होती. मला ते पान कळलंच नव्हतं. कळलं नाही असं म्हणायची मला लाज वाटली. दुपारी पोरांना घेऊन शाळेत जा."

मग भोंगा बोलली, आणि नेहमीचा आवाज नव्हता तिचा. "तेव्हाही तूच वाचलं होतंस. आता हेही तूच वाचलंस. आम्ही कुठल्या थोरलीचं खरं मानायचं?"

"माझं मानू नका. नर्सबाईला विचारा. ती खोकत असली तर तिला पाणी द्या, घरात बसवा, आणि सगळं विचारून घ्या."

"आणि माझ्या फोनवरची ती आई? ती खोटी?"

"मला माहीत नाही ती कोण आहे. तुला माहीत आहे?"

भोंगानं पुढ्यातली मिरची उचलली. दुसरी एक बाई हातातली मिरची टाकून उठली, बाळाला काखोटीला मारलं आणि चालायला लागली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. बाकीच्या खाली मान घालून देठं खुडत राहिल्या. एक जण पुटपुटली, "मोठी शिकलेली," आणि दुसरी हसली. थोरली कपड्यांची पिशवी घेऊन निघाली. भोंगाच्या दारावरून जाताना तिला दिसलं, भोंगाचा धाकटा मुलगा पायरीवर बसून डोळे चोळत होता. तिनं परत मागे वळून भोंगाला हाक मारली. "तुझ्या पोराचे डोळे बघ," ती म्हणाली. "मिरची म्हणून सोडू नको." ह्या वेळी भोंगा उठली.

ठकीचा श्वास हळूहळू सुधारला. फासळ्यांखालचा खड्डा भरला, नाकातली नळी निघाली, एक दिवस तिनं नर्सच्या नाकाला हात घातला. धाकटी त्या दिवशी पोट भरून जेवली. पण डावा डोळा उघडेना, आणि उघडला तेव्हा बुबुळावर पांढरट ठिपका होता, दुधाचा थेंब पडून सुकावा तसा. डोळ्याचे डॉक्टर येऊन बघून गेले. औषध घाला म्हणाले, किती दिसेल ते आता सांगता येत नाही.

धाकटीनं ते ऐकून घेतलं. मग ठकीला घेऊन ती खिडकीशी उभी राहिली आणि तिच्या डाव्या बाजूनं बोट हलवून बघायला लागली. थोरली दारात उभी होती. तिला वाटलं, आता बोललं नाही तर आपण जन्मभर बोलणार नाही.

"ती यादी लसीची नव्हती," ती म्हणाली. "गोवराची होती. मी चुकीचं सांगितलं."

"मला माहीत आहे. नर्स तुम्हाला सांगत होती तेव्हा मी दारातच होते."

"तेव्हापासून माहीत आहे?"

"हो." धाकटीनं वळून बघितलं नाही. "ताई, तुम्हाला ते कळलं नव्हतं का?"

"नाही कळलं."

"मग नाही कळलं म्हणायचं होतंत ना. मला त्यात काय वाटणार होतं? मला तर कशातलंच काही कळत नाही. मी नर्सबाईचा फोन उचलला असता." तिचा आवाज तिथे फुटला. "मी फक्त फोन उचलला असता, ताई."

थोरली पुढे झाली, पण धाकटीनं ठकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि थोरलीला तिथेच थांबावं लागलं.

घरी जायच्या दिवशी डॉक्टरनं कागद दिला. धाकटा औषधं आणायला गेला होता. धाकटीनं कागद उलटसुलट करून बघितला, बाकावर बसलेल्या एका अनोळखी मुलीकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं, आणि शेवटी तो थोरलीच्या पुढे धरला.

"वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा. एकेक ओळ."

थोरलीनं कागद घेतला. डोळ्यात घालायचे थेंब, सकाळ, दुपार, संध्याकाळ. पोटात घ्यायचं औषध, जेवणानंतर. डोळ्याला हात लागू द्यायचा नाही. ती एकेक ओळ वाचत गेली आणि धाकटी मान हलवत गेली. शेवटची ओळ डॉक्टरनं घाईनं लिहिलेली होती. थोरलीनं ती एकदा वाचली, दोनदा वाचली. जीवनसत्त्वाचं काहीतरी होतं, पुन्हा एक मात्रा द्यायची होती, पण आज की नंतर, आणि कधी, ते तिला लागेना. अंदाज बांधता आला असता.

"ही ओळ मला कळत नाही," ती म्हणाली.

बाकावरच्या मुलीनं वर बघितलं. धाकटी थोडा वेळ थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो इतक्यात जाणार नव्हता.

"मग जा," ती म्हणाली. "विचारून या."

चौकशीच्या खिडकीपाशी मोठी रांग होती. थोरली कागद दोन्ही हातांत धरून शेवटच्या माणसाच्या मागे जाऊन उभी राहिली.